तुम्ही विचारलंत म्हणून: सांध्यांसाठी ‘ए’ जीवनसत्त्व घ्यावं का?

कूर्चेच्या, म्हणजे कार्टिलेजच्या, पेशी प्रयोगशाळेत वाढवायचं काम करते असं सांगितलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. “मग ‘ए’ जीवनसत्त्व सांध्यांना चांगलं का हो?” हाडांच्या वाढीला ते लागतं असं कुठेतरी वाचलेलं असतं, आणि गुडघे कुरकुरू लागलेले असतात. हवं असतं फक्त हो किंवा नाही. माझं उत्तर “बशीतल्या कूर्चेला तर मुळीच नाही” असं सुरू होतं आणि लांबत जातं.

कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, आणि पेशीही फार थोड्या. बाकी सगळा त्या पेशींनीच विणलेला पसारा: दुसऱ्या प्रकारच्या कोलाजेनचं जाळं आणि त्यात अडकलेले ॲग्रिकन नावाचे अवाढव्य रेणू. ॲग्रिकन पाणी ओढून धरतं, जाळं त्याला फुगू देत नाही, म्हणून कूर्चा दाबाला टिकते.

अशा पेशी वेगळ्या करून बशीत ठेवल्या की सुरुवातीला त्या गोल असतात आणि स्वतःभोवती हाच पसारा रचू लागतात. आता त्यांच्या द्रवात रेटिनॉइक आम्ल घाला. हे ‘ए’ जीवनसत्त्वाचं पेशींच्या आत काम करणारं रूप. एक मायक्रोमोलर इतकं विरळ किंवा त्याहूनही कमी पुरतं. काही दिवसांत पेशी चपट्या होतात, हातपाय पसरतात, कोलाजेन आणि ॲग्रिकन बनवणं सोडून देतात. टोल्युइडिन ब्लू या ॲग्रिकनला धरणाऱ्या रंगाने रंगवल्यावर जिथे गडद जांभळा दिसायला हवा, तिथे फिकट डाग.

नवशिक्याला यात फारसं नवल वाटत नाही, कारण प्लास्टिकवर पुन्हा पुन्हा वाढवल्या तर या पेशी आपसूकच चपट्या होतात आणि पहिल्या प्रकारचं कोलाजेन बनवू लागतात. पण दोन्ही गोष्टी एक नाहीत. १९८६ मध्ये सशाच्या पेशींवर झालेल्या कामात दिसलं, की रेटिनॉइक आम्लाने दुसऱ्या प्रकारचं कोलाजेन थांबतं, पण त्याच्या जागी पहिल्या प्रकारचं सुरू होत नाही. मला हा निष्कर्ष फार आवडतो. पेशी नुसती बिघडलेली नसते, तिला एक ठरावीक हुकूम मिळालेला असतो.

याचा माग पहिल्यांदा लागला तो केंब्रिजच्या स्ट्रेंजवेज प्रयोगशाळेत. तिथे ऑनर फेल कोंबडीच्या आणि उंदराच्या भ्रूणांची इवलीशी हाडं शरीराबाहेर वाढवत असत. १९५२ मध्ये त्यांनी आणि जीवनसत्त्वांचे अभ्यासक एडवर्ड मेलनबी यांनी त्या हाडांना जास्तीचं ‘ए’ जीवनसत्त्व दिलं आणि कूर्चेचा पसारा विरघळताना पाहिला. प्रयोगाचा खरा अर्थ असा, की रक्त नाही, यकृत नाही, संप्रेरकं नाहीत, तरीही परिणाम झाला. म्हणजे तो थेट त्या ऊतीवरच होत होता.

पुढे १९५६ मध्ये अमेरिकी डॉक्टर लुईस थॉमस यांनी सशांच्या शिरेत पपेन टोचलं, आणि त्यांचे ताठ कान लुळे पडले. पपेन हे प्रथिनं कापणारं विकर, म्हणजे एन्झाइम. काही वर्षांनी ‘ए’च्या मोठ्या मात्रेनेही सशांचे कान तसेच पडले. फेल आणि थॉमस यांनी दोन्हींची कूर्चेवर तुलना केली. पपेन पसारा स्वतःच कापतं; ‘ए’ला मात्र जिवंत पेशी लागते. म्हणजे कात्री पेशीचीच, ‘ए’ फक्त ती चालवायला लावतं.

कात्री कोणती, याचा अंदाज मात्र त्या वेळी चुकीच्या जागी गेला. लायसोसोम, म्हणजे पेशीतल्या विकरांनी भरलेल्या पिशव्या, नुकतेच सापडले होते, म्हणून ‘ए’ त्यांचं आवरण सैल करतं आणि आतली विकरं बाहेर पडतात, असं मानलं गेलं. सुबक स्पष्टीकरण होतं, बरीच वर्षं टिकलं. आज आपण जाणतो की रेटिनॉइक आम्ल पेशीकेंद्रातल्या ग्राहकांवर, म्हणजे रिसेप्टर प्रथिनांवर, बसतं आणि जनुकं चालू-बंद करतं. आणि ॲग्रिकन कापणारी मुख्य विकरं, ॲग्रिकनेज, पेशीच्या बाहेर काम करतात. कूर्चेचा अख्खा तुकडा बशीत ठेवून रेटिनॉइक आम्ल दिलं तर ॲग्रिकनचे तुकडे द्रवात उतरतात, ते आपण मोजतो. कोलाजेनचं जाळं त्यानंतरही बराच काळ शाबूत राहतं. संधिवाताच्या अभ्यासात कूर्चेची झीज हुकमी घडवायची असेल, तर हा जुना खात्रीचा मार्ग आहे.

आणखी एक गंमत. रेटिनॉइक आम्लाच्या या ग्राहकांतला ‘गॅमा’ नावाचा एक रिकामा असतो तेव्हाही कामात असतो: मुलांच्या हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या कूर्चेला भरपूर पसारा बनवण्यासाठी तो रिकामाच असावा लागतो. म्हणजे रेटिनॉइक आम्ल तिथे नसणं हीच गरज. म्हणूनच गॅमाला चालू करणारं पॅलोव्हॅरोटिन हे औषध एका दुर्मिळ आजारात वापरतात, ज्यात स्नायूंत आधी कूर्चा आणि मग हाड तयार होतं. कूर्चेचा टप्पाच रोखायचा, ही कल्पना. अमेरिकेत २०२३ मध्ये त्याला मान्यता मिळाली, पण आठ वर्षांखालच्या मुली आणि दहा वर्षांखालचे मुलगे वगळून. कारण तेच औषध वाढत्या मुलांच्या हाडांच्या टोकांची कूर्चा वेळेआधी मिटवू शकतं.

तर गोळी घ्यावी का? माझी बशी पाहून घाबरू नका. बशीत आम्ही देतो ते रेटिनॉइक आम्ल रक्तातल्या नेहमीच्या पातळीच्या शेकडो पट असतं. रक्तात फिरतं ते बहुतांश रेटिनॉल, म्हणजे ‘ए’चं दुसरं रूप, तेही एका प्रथिनाला बांधलेलं. आणि ‘ए’ कमी पडणंही वाईटच. याच मेलनबींनी ‘ए’ न मिळालेल्या कुत्र्याच्या पिल्लांत कवटीचं हाड बेढब वाढून कानाच्या नसा दाबताना पाहिल्या होत्या.

पण सांधे सुधारावेत म्हणून वरून ‘ए’ घेण्याला कूर्चेच्या बाजूने मला एकही कारण दिसत नाही. प्रौढांना दिवसाला ७०० ते ९०० मायक्रोग्रॅम लागतं. तयार रेटिनॉलची वरची मर्यादा ३००० आहे. दोन-तीन वेगवेगळ्या गोळ्यांत ते लपलेलं असलं की ही मर्यादा नकळत ओलांडली जाते, आणि दीर्घकाळ जास्त झालं तर हाडं आणि सांधे उलट दुखतात. वनस्पतींतल्या बीटा-कॅरोटीनचं तसं नाही, त्याचं ‘ए’ किती बनवायचं हे शरीर ठरवतं. तेव्हा गोळ्यांच्या बाटल्या समोर ठेवा, लेबलांवर रेटिनॉल, रेटिनिल पामिटेट किंवा रेटिनिल ॲसिटेट कुठे कुठे लिहिलंय ते बघा आणि बेरीज करा. बेरीज जास्त आली तर डॉक्टरांना दाखवा.