पान लागलं, म्हणजे साप चावला, तर घरच्यांनी काय करायचं

भातलावणी सुरू झाली की आमच्या ग्रामीण रुग्णालयात रात्रपाळीला आल्याआल्या मी आधी एएसव्हीच्या कुप्या मोजते. एएसव्ही म्हणजे सापाच्या विषावरचं इंजेक्शन. पावसाळ्यात कोकणात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, चौघंही माणसाच्या वाटेत येतात. रुग्ण दारात आला की पुढचं आम्ही बघतो. पण तोवर घरचे काय करतात यावर पुष्कळ काही ठरतं, म्हणून हे लिहिते आहे.

सगळ्यात जास्त दिसते ती सुतळी. कधी साडीचा काठ, कधी बैलाची दोरी. चावलेल्या जागेच्या वर इतकी करकचून आवळलेली असते की खालचा पाय काळानिळा, गार पडलेला. "सिस्टर, घट्ट बांधलंय, विष वर नाही चढायचं," असं बरोबरचा भाऊ सांगतो. त्याची माया खरी असते, पण असं बांधून विष पुरतं अडत नाही, रक्त मात्र अडतं. घोणस आणि फुरशाचं विष आधीच मांस नासवत असतं, त्यात रक्त तोडलं की पाय गमवायची वेळ येते. आणि एकदा करकचून बांधलंच असेल तर रस्त्यात घाईने सोडूही नका. एकदम सोडलं की साचलेलं विष झपकन अंगात जातं. आम्ही आधी सलाईन लावतो, इंजेक्शन तयार ठेवतो आणि डॉक्टर शेजारी असताना ती गाठ हळूहळू सैल करतो.

ब्लेडने चिरू नका, तोंडाने विष ओढू नका, बर्फ लावू नका, दारू पाजू नका. दुखतं म्हणून घरातली ॲस्पिरिनसारखी गोळीही देऊ नका. रक्त आधीच गोठेनासं झालेलं असू शकतं.

मग करायचं काय? माणसाला चालू देऊ नका. हात-पाय हलला की विष लवकर पसरतं, म्हणून मोडलेल्या हाडाला देतो तसा फळकुटाचा आधार द्या आणि ओढणीने सैलसर बांधा. अंगठी, बांगड्या, जोडवी, पैंजण लगेच काढा. सूज चढल्यावर त्या कापाव्या लागतात. चावल्याची वेळ लक्षात ठेवा. उलटी होत असेल तर कुशीवर झोपवा. १०८ ला फोन करा, पण गाडीला वेळ लागणार असेल तर वाट बघत बसू नका. मोटरसायकलवर पुढे चालवणारा, मध्ये रुग्ण आणि मागे त्याला धरून बसणारा, असे तिघं निघा.

साप मारून पिशवीत आणायची गरज नाही. मारलेल्या सापाचं तोंडही चावू शकतं, आणि आपल्याकडचं इंजेक्शन या चारही सापांवर एकच आहे. लांबून फोटो मिळाला तर घ्या, नाही तर राहू द्या.

आल्यावर आम्ही काय करतो तेही सांगते, कारण नातेवाईक तेव्हा फार अस्वस्थ होतात. रुग्णाचं थोडं रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेतो आणि ती नळी २० मिनिटं जागची हलवत नाही. मग एकदाच तिरकी करतो. रक्त गोठून गोळा झालं असेल तर जागेवर राहतं. पाण्यासारखं ओघळलं तर विषाने रक्त बिघडवलंय. "नुसते बघत काय बसलात?" असं कोणी ओरडतं तेव्हा तीच २० मिनिटं चालू असतात. इंजेक्शन घोड्याच्या रक्तापासून बनतं, काहींना त्याची जोराची रिॲक्शन येते, म्हणून ते घरी किंवा साध्या दवाखान्यात टोचून घ्यायची गोष्ट नाही.

मण्यारीबद्दल वेगळं सांगायला हवं. ती रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते. दुखत नाही, सूज नाही, खूण दिसेलच असं नाही. पहाटे पोटात कळ येते, मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, शब्द जडावतात. जमिनीवर झोपणाऱ्या माणसाची पापणी सकाळी उघडत नसेल तर ॲसिडिटीची गोळी देत बसू नका, तडक निघा. मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचून झोपलात तर हा धोका बराच टळतो.

मांत्रिकाकडे नेल्यावर बरा झालेला माणूस गावात असतोच. बरेचसे साप बिनविषारी असतात आणि विषारी सापही कधी कधी विष न सोडता चावतो. असा माणूस कुठेही बरा झाला असता. पण तिथे घालवलेले दोन तास मण्यारीच्या रुग्णाचा श्वास थांबवायला पुरतात.

विंचवाचंही तेच. लाल विंचू चावलेलं मूल घामाने भिजलं, ओकायला लागलं, हातपाय गार पडले तर कांदा चोळत बसू नका. विष हृदयावर जातं आणि फुप्फुसात पाणी भरतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी यावर प्राझोसिनची गोळी वापरून दाखवली आणि असंख्य मुलं वाचली. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. ती गोळीसुद्धा रक्तदाब बघत रुग्णालयातच द्यायची असते.

लावणीच्या आधी एक काम करा. तुमच्या जवळच्या सरकारी रुग्णालयात जाऊन विचारा, एएसव्ही आहे का आणि रात्री डॉक्टर असतात का. नसतील तर पुढचं रुग्णालय कोणतं, तिथला फोन नंबर काय, ते घरातल्या सगळ्यांना दिसेल असं भिंतीवर लिहून ठेवा.