सहा पिरॅमिडांचा घन

नववीत असताना घनफळ आणि पृष्ठफळ यांची सगळी सूत्रं मला तोंडपाठ होती. पण दोन वेगवेगळे तक्ते पाठ करावेत तशी. त्यांचं आपसात काही नातं असतं, हे गणिताच्या सरांनी दाखवलं.

सरांनी ओल्या मातीचा १० सेंमी बाजूचा घन टेबलावर ठेवला आणि दोऱ्याने मधोमध कापला. आत दबलेले दोन नवे चौरस उघडे पडले, प्रत्येकी १०० चौसेंमीचे. माती तेवढीच, पृष्ठफळ मात्र ६०० वरून ८००. "एकेक सेंमीचे तुकडे करायला किती काप लागतील?" तीन दिशांना नऊ-नऊ, म्हणजे २७. दर कापाला २०० ची भर. हजार तुकड्यांचं पृष्ठफळ ६००० चौसेंमी झालं आणि घनफळ हललंही नाही. तुकडा लहान तितकं घनफळाच्या मानाने पृष्ठफळ जास्त, हे तेव्हापासून पक्कं डोक्यात बसलं.

पण मला खरं वेड लावलं ते दुसऱ्या दिवशी. सरांनी पुठ्ठ्याचे सहा सारखे पिरॅमिड आणले, तळ १०० चौसेंमी, उंची ५ सेंमी. शिरोबिंदू आत जुळवले की नेमका कालचा घन! पिरॅमिडचं घनफळ म्हणजे तळ गुणिले उंची भागिले तीन. सहांची बेरीज केली, १००० घनसेंमी.

"आता गोलाचं पृष्ठ असंच बारीक बारीक तुकड्यांत वाटा," सर म्हणाले. प्रत्येक तुकड्यावर केंद्रापर्यंत जाणारा पिरॅमिड, उंची त्रिज्येएवढी. म्हणजे गोलाचं घनफळ हे पृष्ठफळ गुणिले त्रिज्या भागिले तीन. इतके दिवस पाठ केलेलं सूत्र असं डोळ्यांसमोर तयार झालं!

गोलाला घट्ट बसणारी वृत्तचिती घेतली, तरी तिच्या दोन्ही तळांचं आणि वक्रपृष्ठावरच्या प्रत्येक उभ्या पट्टीचं केंद्रापासूनचं लंबांतर त्रिज्येएवढंच. म्हणून तोच नियम. आणि म्हणूनच गोल त्या वृत्तचितीच्या दोन तृतीयांश भरतो, घनफळानेही आणि एकूण पृष्ठफळानेही. हा शोध प्राचीन ग्रीक गणिती आर्किमिडीजचा. त्याच्या थडग्यावर गोल आणि वृत्तचिती कोरलेली होती. इ. स. पूर्व ७५ मध्ये रोमन वक्ता सिसेरोने झुडपांत हरवलेलं ते थडगं याच खुणेवरून ओळखलं. गणिताचा याहून मोठा सन्मान मला ठाऊक नाही.

तास संपल्यावर मी ते सहा पिरॅमिड पुन्हा जुळवत बसलो. शेवटचा नीट बसेना. सरांनी तो हातात घेतला, उचकटलेली कड बोटाने दाबली आणि परत माझ्याच हातात दिला.