डावा हात मी धरला होता

परवा मुलाचा फोन टेबलावर पडला होता. त्याच्या मित्राचा मेसेज उजळला : ‘वहिनी क्लासला आल्या बघ भावा.’ मुलगा अकरावीत आहे. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आमचाही शब्द तोच होता. इचलकरंजी, १९९०. आम्ही पाच जण. कुणी यंत्रमागावर, कुणी कांड्या भरायला, कुणाचं नुसतं कॉलेजात नाव. संध्याकाळी साडेसहाला टायपिंग क्लाससमोरच्या पानपट्टीवर सगळे जमायचो. आमच्यातल्या जॉबरच्या, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्याच्या, पोराला क्लासमधली एक मुलगी आवडायची. ती त्याच्याशी एक शब्द कधी बोलली नव्हती, पण आम्ही तिला वहिनी करून टाकलं. ती सायकल काढायची तेव्हा आमच्यातलं कुणीतरी खोकायचं, कुणी घंटी वाजवायचं, आणि तिच्या गल्लीच्या तोंडापर्यंत पाच सायकली मागे. ‘लाजती मर्दा, म्हंजे हाय तिच्या मनात,’ हे मी म्हणायचो. ती लाजत नव्हती, भीतीनं मान खाली घालायची. मला ते दिसत होतं.

ती आम्हा सगळ्यांनाच आवडत होती. घरात एक खोली, त्यात बहिणी, शेजारी मागांचा खडखडाट. त्या वयातलं अंगातलं पेटणं घेऊन जायचं कुठं? एकाच्या प्रेमावर बाकीचे शेकून घेत होतो.

आमच्या पाचांतल्या शिंप्याच्या मुलानं मग तोच क्लास लावला. एकदा दारात ती त्याच्याशी बोलताना दिसली. त्यानं येऊन आम्हाला सांगितलं, ‘सोडा की तिला, रडती ती.’

फेब्रुवारीत एका रात्री त्याला पंचगंगेच्या घाटावर बोलावलं. तो नेहमीसारखा आला, आमच्यासाठी शेंगदाणे घेऊन. जॉबरच्या पोरानं सायकलची चेन काढली आणि म्हणाला, ‘धरा रे.’ डावा हात मी धरला. त्याच्या घड्याळाचा पट्टा माझ्या तळव्यात रुतला होता. मारणाऱ्याकडे त्यानं पाहिलंच नाही. माझ्याकडे बघून दोनदा माझं नाव घेतलं. तिसरा की चौथा फटका कानावर बसला.

नंतर आम्ही चौघं स्टँडवर चहा प्यायलो. जॉबरचं पोर माझ्या गळ्यात पडून रडलं. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि मला बरं वाटलं. इतकं जवळचं मला कधी कुणी वाटलं नव्हतं. हे आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

शिंप्याच्या मुलानं घरी सायकलवरून पडलो म्हणून सांगितलं. आठवड्यात त्या मुलीचा क्लास बंद झाला.

मार्च संपताना उल्हासनगरची बातमी आली. दहावीच्या परीक्षेला बसलेल्या मुलीला वर्गात शिरून जाळून मारलं होतं. पानपट्टीवर पेपर मोठ्यानं वाचला गेला. ‘एकतर्फी प्रेमातून’ असं सगळे म्हणत होते. पण तो एकटा गेला नव्हता, साथीदार बरोबर होते. मी तिथंच अडकलो. त्या सकाळी त्यांचं आपसांत काय बोलणं झालं असेल? कुणी म्हणालं असेल का, लाजती मर्दा? एकतर्फी हा शब्द मला तेव्हापासून खोटा वाटतो. त्या तर्फेला आम्ही भरपूर जण असतो.

तेव्हा याला छेडछाड म्हणायचे, आम्ही ‘लाइन मारणं’ म्हणायचो. पाठलाग हा वेगळा गुन्हा झाला २०१३ साली. पहिल्यांदा सिद्ध झाला तर तीन वर्षांपर्यंत कैद. मुलाला काल हे सांगितलं. तो म्हणाला, ‘बाबा, नुसती चेष्टा असते ती.’ मग घाटावरचंही सांगितलं, चहापर्यंत सगळं. तो माझ्या हाताकडे बघत राहिला. नंतर त्यानं विचारलं, ‘आणि ती?’

मे महिन्यात तिचं लग्न झालं, एवढंच मला माहीत होतं. कुठं दिली, तिनं टायपिंगची परीक्षा दिली की नाही, आम्ही कुणीच कधी विचारलं नाही. सायकल हिरवी होती, मागच्या मडगार्डवर पांढरा पट्टा.

शिंप्याचा मुलगा आता गावातच दुकान चालवतो. बोलणाऱ्याकडे उजवा कान करून ऐकतो. रविवारी मी जाणार आहे. मुलगा बरोबर येतो म्हणालाय.