आधी भारताचं पान उघडायचं

शनिवार, रात्री

आज सोसायटीच्या क्लब हाऊसमधे पोरांच्या शनिवारच्या वाचनाला तुफान गर्दी. दुपारपासून पाऊस कोसळतोय, खाली खेळायला जाता येत नाही, त्यामुळे एरवी न येणारी पोरंपण आली. मी यावेळी ते जाडजूड पुस्तक नेलं होतं, मागे प्रदर्शनात किलोवर घेतलेलं, जगभरातल्या मुलांची ओळख करून देणारं. कागद गुळगुळीत, रंग एकदम झकास, प्रत्येक देशाला दोन पानं, कोपऱ्यात झेंडा, मधे पारंपरिक ड्रेस घातलेली एक मुलगी आणि एक मुलगा, खाली एक पदार्थ, एक सण, एक प्रसिद्ध इमारत. जपान म्हणजे किमोनो आणि पंखा. हॉलंड म्हणजे लाकडी बूट, पवनचक्की, ट्युलिप. मेक्सिको म्हणजे मोठ्ठी टोपी आणि निवडुंग. आणि आफ्रिका, म्हणजे अख्खा खंड, 54 देश, त्या सगळ्यांना मिळून दोन पानं आणि एक जिराफ.

पोरं मजेत बघत होती. मग भारताचं पान आलं.

फेटा आणि जरीचं जॅकेट घातलेला मुलगा, मागे ताजमहाल, बाजूला झूल घातलेला हत्ती, खाली कोपऱ्यात पुंगीवाला गारुडी. क्षणभर सगळे गप्प, आणि मग तिसरीतल्या एकाने अगदी मनापासून विचारलं, "हा कुठल्या शाळेत जातो?" झालं, मग सगळेच सुटले. याचं दप्तर कुठाय, रिक्षा कुठाय, पाऊस का नाहीये, याची आजी कुठाय, हा डब्यात काय नेतो. एकीने गारुड्यावर बोट ठेवून सांगितलं की तिने साप फक्त सर्पमित्राच्या बरणीत बघितलाय, सोसायटीत निघाला होता तेव्हा. दहा मिनिटं त्या एका पानावर दंगा चालला होता. त्या दंग्यात चौथीतली एक मुलगी, जी सहसा बोलत नाही, ती म्हणाली, "मग जपानचं पानपण असंच असेल का?"

मला तर पुस्तक तिथेच मिटून तिला जवळ घ्यावंसं वाटलं. जगाविषयीचं कुठलंही चित्रपुस्तक हातात आलं की हाच प्रश्न विचारायचा असतो. मी आता दुकानात पुस्तक बघताना पहिल्यांदा भारताचं पान उघडणार. ते वाचून आपली पोरं "हे कुठलं?" असं म्हणणार असतील तर उरलेल्या पानांवर विश्वास कशाला ठेवायचा. तिकडे तोक्योतली एखादी मुलगी किमोनोचं पान बघून हेच म्हणत असणार ना, कारण किमोनो म्हणजे तिच्याकडे सणासमारंभाचा ड्रेस, शाळेत ती युनिफॉर्म घालूनच जाते.

हे फक्त परदेशी लोक करतात असंपण नाही. आपल्याकडे 26 जानेवारीला स्टेजवर जे काही चालतं ते काय वेगळं आहे? बंगाल म्हणजे लाल काठाची साडी, पंजाब म्हणजे भांगडा, महाराष्ट्र म्हणजे नऊवारी, नथ आणि लेझीम, ईशान्येकडची सगळी राज्यं मिळून एक बांबूचा डान्स. त्या नऊवारीतल्या मुलीला घरी कुणी नऊवारीत बघितलेलं नसतं. ड्रेसने ओळख होते हे मान्य, पण ती लग्नातल्या फोटोसारखी ओळख आहे, त्यावरून तो माणूस रोज कसा असतो ते कळत नाही. आणि लहान मुलांना तर रोजचंच हवं असतं. त्यांना दुसऱ्या मुलाचं दप्तर, डबा, भांडणं, आंघोळ, झोपायची जागा यात इंटरेस्ट असतो, इमारतीत नसतो.

म्हणून मग मी पिशवीतलं दुसरं पुस्तक काढलं, ते दातांचं. सेल्बी बीलर यांचं 1998 चं अमेरिकन पुस्तक आहे, बहिणीने पाठवलेलं. दुधाचा दात पडला की जगभरातली मुलं त्याचं काय करतात, एवढाच विषय. साठहून जास्त रिवाज आहेत त्यात. आणि माझ्यासमोर बसलेल्या पहिली-दुसरीच्या गँगमधे निम्म्यांच्या तोंडात खिडक्या! याहून चांगले वाचक कुठे मिळणार. स्पेनमधे दात उशीखाली ठेवतात आणि उंदीर येऊन घेऊन जातो, फ्रान्समधे पण उंदीरच येतो, अमेरिकेत परी येते. इजिप्तमधे सूर्याकडे भिरकावतात. जपानमधे खालचा दात छपरावर आणि वरचा जमिनीकडे, म्हणजे नवीन दात त्या दिशेने सरळ वाढावा. कोरियात पण छपरावर. मंगोलियात चरबीत घालून कुत्र्याला देतात, कुत्र्याचे दात मजबूत असतात ना, म्हणून.

हे ऐकताना एकाने हळूच जीभ फिरवून स्वतःचा हलणारा दात चेक केला. मग मी सांगितलं की मी लहान असताना आजोळी दात कौलावर टाकायचो, तर लगेच तक्रार, "आमचा फ्लॅट बाराव्या मजल्यावर आहे, छपरावर कसा टाकणार?" एकाच्या आईने तुळशीच्या कुंडीत पुरला होता, एकीचा दात डबीत आहे, एकाने गिळलाच. मग प्रत्येकजण आपली गोष्ट सांगायला लागला आणि कोरिया, इजिप्त आणि आमची बी विंग हे सगळं एकाच यादीत आलं, कुणी वेगळं नाही, कुणी विचित्र नाही. मला असंच पुस्तक हवं असतं. त्या पुस्तकात आपल्यालापण जागा असते, आपण नुसते काचेबाहेर उभं राहून बघत नाही.

रविवार

काल रात्री लिहिता लिहिता आईशी फोनवर बोलले, तिला हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली अगं आमच्याकडे होती की रशियन पुस्तकं. खरंच की! सोव्हिएत काळात मॉस्कोत छापलेली मुलांची पुस्तकं मराठीत यायची, लोकवाङ्मय गृहाकडून मिळायची, अगदी परवडणाऱ्या किमतीत. 1991 मधे सोव्हिएत युनियन संपलं आणि ती यायची बंद झाली. आईच्या गावात बर्फ कुणी बघितला नव्हता, बर्फ म्हणजे गोळेवाल्याकडचा, पण तिला स्लेज, म्हणजे बर्फावरची घसरगाडी, माहीत होती, चहाचं पाणी उकळायचा समोवार माहीत होता, बर्च झाडाचं पांढरं खोड माहीत होतं, कोंबडीच्या पायांवर उभ्या असलेल्या झोपडीतली चेटकीण बाबा यागा माहीत होती. आणि तिला रशियाची "ओळख" करून द्यायला कुणी बसलं नव्हतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ती पुस्तकं तिकडच्याच पोरांसाठी लिहिलेली होती. त्यात कुणी सांगत नव्हतं की बघा मुलांनो, हा समोवार, हे आमचं पारंपरिक भांडं. चित्रात तो टेबलावर असायचा आणि घरातले चहा प्यायचे, बस. आईने तो तसाच बघितला, आणि तो तिच्या डोक्यात आजपर्यंत आहे.

म्हणजे संस्कृती दाखवायला निघालेल्या पुस्तकापेक्षा, नुसती गोष्ट सांगणारं पुस्तक जास्त दाखवून जातं, निदान मला तरी असं वाटतं.

बघणारा कोण आहे यावर तर सगळंच अवलंबून. भज्जू श्याम यांचं लंडनचं पुस्तक ज्यांनी बघितलं नाही त्यांनी कुठूनही मिळवून बघा. चेन्नईच्या तारा बुक्सने 2004 मधे काढलं. हे मध्य प्रदेशातल्या पाटनगढ गावचे गोंड आदिवासी चित्रकार, मोठे चित्रकार जनगढ सिंह श्याम यांचे पुतणे. लंडनमधल्या एका भारतीय रेस्टॉरंटच्या भिंती रंगवायला तिकडे गेले, दोन महिने राहिले, आणि जे दिसलं ते आपल्या गोंड पद्धतीने काढलं. विमान म्हणजे पंख फुटलेला हत्ती, कारण एवढं जड काहीतरी उडतंय यावर विश्वास कसा बसणार. जमिनीखालची ट्यूब, म्हणजे तिकडची मेट्रो, भलंमोठं गांडूळ. रोज कामावर घेऊन जाणारी 30 नंबरची बस म्हणजे इमानी कुत्रा. पबमधे संध्याकाळी गर्दी करणारे इंग्रज म्हणजे वटवाघळं. आणि बिग बेन! त्यांच्याकडे वेळ सांगणारा कोंबडा, लंडनमधे वेळ सांगणारं घड्याळ, तर त्या चित्रात कोंबडा आणि तो टॉवर एकमेकांत मिसळूनच गेलेत, कुठे कोंबडा संपतो आणि कुठे टॉवर सुरू होतो ते शोधत बसावं लागतं, आणि सगळं त्या बारीक बारीक रेघांनी भरलेलं.

शतकानुशतकं तिकडून लोक इकडे आले आणि आपल्या हत्तींची, गारुड्यांची चित्रं काढून घेऊन गेले. इथे एक आदिवासी चित्रकार तिकडे गेला आणि त्याने त्यांच्या राजधानीचं चित्र काढलं, आणि त्यात राग नाही, टिंगल नाही, निखळ कुतूहल आहे. मला ते पुस्तक बघताना दरवेळी भरून येतं, खरंच. 2018 मधे त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा मला घरातल्या कुणाला मिळाल्यासारखा आनंद झाला होता. गोंड लोक आपल्या गडचिरोली-चंद्रपुरातही आहेत, पण आमच्या सोसायटीतल्या पोरांना गोंड हा शब्द कालपर्यंत माहीत नव्हता, आयफेल टॉवर मात्र सगळ्यांना माहीत.

बहिणीकडे म्युनिकला गेले होते तेव्हाचं इथे लिहून ठेवते, कारण त्याचा याच्याशी थेट संबंध आहे. तिथे ब्लुटेनबुर्ग म्हणून एक जुना छोटा किल्ला आहे, भोवती पाणी, बदकं, आणि आत किल्लाभर मुलांची पुस्तकं. इंटरनॅशनल युथ लायब्ररी. सहा लाखांहून जास्त पुस्तकं, दोनशेहून जास्त भाषांमधली. ही लायब्ररी येल्ला लेपमान या बाईंनी 1949 मधे सुरू केली, किल्ल्यात ती 1983 मधे आली. लेपमान मूळच्या श्टुटगार्टच्या, ज्यू, पत्रकार, हिटलरच्या काळात मुलांना घेऊन इंग्लंडला पळून जावं लागलं. आणि युद्ध संपल्यावर, 1945 मधे, त्या परत आल्या. ज्या देशाने आपल्याला हाकललं त्या देशातल्या मुलांसाठी! अमेरिकन सैन्याने त्यांना बायका-मुलांच्या प्रश्नांवर सल्लागार म्हणून नेमलं होतं. शहरं जमीनदोस्त, पोरं ढिगाऱ्यांत फिरतायत, खायला नाही, आणि या बाई म्हणतात खाणं हवंच, पण पुस्तकंही हवीत, कारण या मुलांना बारा वर्षं एकच एक विष पाजलं गेलंय, बाहेरचं जग त्यांनी बघितलेलंच नाही.

त्यांनी वीस देशांना पत्रं लिहिली की तुमची मुलांची पुस्तकं पाठवा, आणि मुद्दाम चित्रांची पाठवा, कारण चित्र कळायला भाषा लागत नाही. आता विचार करा, पत्र कुणाला जातंय, ज्यांच्यावर जर्मनीने नुकतेच बॉम्ब टाकलेत त्यांना. बेल्जियमने आधी नकार दिला, दोनदा जर्मन सैन्याने तुडवलेला देश तो. बाईंनी पुन्हा लिहिलं, विनवलं, आणि मग बेल्जियमहून सुंदर पुस्तकं आली. जुलै 1946 मधे म्युनिकच्या हाउस डेर कुन्स्टमधे प्रदर्शन लागलं, नाझींनी आपली कला मिरवायला बांधलेली इमारत ती, तिथे जगभरातली चित्रपुस्तकं मांडली. पुढे प्रदर्शन बर्लिनला गेलं तेव्हा लढायला नकार देऊन फुलांचा वास घेत बसणाऱ्या बैलाची अमेरिकन गोष्ट त्यांनी स्वतः जर्मनमधे आणली, वर्तमानपत्राच्या कागदावर तीस हजार प्रती छापून पोरांना फुकट वाटल्या.

मी त्या किल्ल्यात भाचीबरोबर जमिनीवर बसून पुस्तकं चाळत होते आणि माझ्या डोक्यात सारखं हेच की ही सगळी भानगड एका बाईच्या पत्रांमधून उभी राहिली. भाचीला त्याचं काही नव्हतं. ती जपानी चित्रकार मित्सुमासा आन्नो यांच्या पुस्तकात बुडालेली, ज्यात एक शब्द नाही, नुसता एक माणूस घोड्यावर बसून युरोपातल्या गावागावांतून जातो आणि प्रत्येक पानावर तो शोधायचा. शेजारी बसलेला एक मुलगा बहुतेक तुर्की बोलत होता, तोही शोधायला लागला, दोघं बोटं दाखवत होती नुसती.

आता मुद्दा पैशांचा. ही पुस्तकं बाहेरून मागवायची तर एकेक हजाराच्या घरात जातं, सोसायटीच्या वाचनालयाला दिवाळीच्या वर्गणीतून जे उरतं त्यात दोन येतील. मग काय करतो आम्ही, तर प्रथम बुक्सची स्टोरीवीव्हर ही मुलांच्या गोष्टींची वेबसाइट उघडतो, 2015 पासून आहे, सगळं खुल्या परवान्यात, फुकट, आणि मराठीत भरपूर. तिथे आफ्रिकन स्टोरीबुकच्या गोष्टीपण मिळतात, तिकडच्या शिक्षकांनी आणि लेखकांनी स्वतः लिहिलेल्या, काही मराठीत झाल्यात, नसतील तर आपण भाषांतर करून टाकू शकतो. त्यात जिराफ फारसा नाही. त्यात आजीच्या केळ्यांवर लक्ष ठेवून असलेली नात आहे, पाणी भरायला जाणारी मुलं आहेत, शाळेला उशीर होणं आहे. त्यातल्या दोन उद्या ऑफिसातून येताना कलर प्रिंट काढून स्पायरल करून आणणार आहे, शनिवारी त्याच वाचू.

अजून एक डोक्यात आहे. पोरांना पॅरिस माहीत, न्यूयॉर्क माहीत, पण नेपाळमधला मुलगा सकाळी काय खाऊन शाळेत जातो, श्रीलंकेत पावसाळ्यात सुट्टी असते का, बांगलादेशात होडीतली शाळा कशी असते हे कुणालाच माहीत नाही, आणि हे तर आपले शेजारी. अशी चित्रपुस्तकं मराठीत किंवा निदान सोप्या हिंदी-इंग्लिशमधे कुणी बघितली असतील, तिकडच्याच लोकांनी केलेली, झेंडा आणि ड्रेसवाली नकोत, तर प्लीज नाव कळवा, जुनी असली तरी चालतील, झेरॉक्स असली तरी चालेल.