नागरिकत्वाचा कागद

११ मार्च २०२५ रोजी अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यातल्या आमच्या लहानशा गावात टाउन इलेक्शन, म्हणजे गावाच्या कारभारासाठीचं मतदान होतं. मतदारयादी सांभाळायला इथे गावानं निवडून दिलेले तीन सुपरवायझर असतात, त्यांतली मी एक. या राज्यात ऐन मतदानाच्या दिवशीही नाव नोंदवता येतं, म्हणून आमचं टेबल टाउन हॉलमध्ये दाराजवळच असतं.

त्या दिवशी मात्र नियम नवा होता. गव्हर्नर ख्रिस सुनूनू यांनी सप्टेंबर २०२४मध्ये सही केलेला कायदा नोव्हेंबरची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाल्यावर लागू झाला. आता नाव नोंदवायचं तर पासपोर्ट, जन्मदाखला असा नागरिकत्वाचा पुरावा हवाच. पूर्वी कागद नसेल तर प्रतिज्ञापत्रावर भागायचं, ती सोय गेली. साधं ड्रायव्हिंग लायसन्स चालत नाही, कारण नागरिक नसलेल्यांनाही ते मिळतं.

सकाळीच साठीच्या एक बाई आल्या. जाकिटाला लाकडाच्या धुराचा वास. मार्चमध्ये इथे मेपलचा रस आटवायचं काम जोरात असतं, त्या थेट भट्टीवरून उठून आल्या होत्या. जन्म शेजारच्याच गावातला, लग्नानंतर नदीपलीकडे शेजारच्या व्हरमाँट राज्यात राहिल्या आणि आता वडिलांच्या शेतावर परतल्या. मी जन्मदाखला मागितला तेव्हा त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. रागानं नव्हे, पण मला अवघडल्यासारखं झालं. माझा जन्म साताऱ्याचा. माझं नागरिकत्वाचं प्रमाणपत्र घरी फाइलमध्ये जपून ठेवलेलं आहे, कारण आम्हा बाहेरून आलेल्यांना कागद जपायची सवयच लागते. त्यांना आयुष्यात कुणी हे विचारलंच नव्हतं.

त्या घरी जाऊन दाखला घेऊन आल्या. त्यावर माहेरचं नाव, लायसन्सवर सासरचं. म्हणजे आता लग्नाचा दाखला हवा.

माझ्या शेजारी बसलेले सहकारी पक्के रिपब्लिकन. मत फक्त नागरिकांनीच द्यावं, त्यात तडजोड नको, असं त्यांचं प्रामाणिक मत. आमच्या तिसऱ्या सहकारी डेमोक्रॅट. खऱ्या मतदारांचीच अडवणूक होते म्हणून त्यांचा या कायद्याला पहिल्यापासून विरोध. पण नियम तिघांनीही सारखाच पाळला, आणि बाईंची धडपडही तिघांना सारखीच लागून राहिली. लग्न व्हरमाँटमधल्या ज्या गावात नोंदवलं तिथल्या क्लार्ककडे दाखल्याची प्रत मिळेल, हे त्या रिपब्लिकन गृहस्थांनीच सुचवलं आणि ऑफिस कधी बंद होतं तेही फोन करून विचारलं.

गावाचा राजकीय कल कुणी विचारला तर मला एका शब्दात सांगता येणार नाही. राज्यात कुठल्याच पक्षाकडे नाव न नोंदवलेले मतदार भरपूर. नोव्हेंबर २०२४मध्ये राज्यानं राष्ट्राध्यक्षपदासाठी कमला हॅरिस यांना कौल दिला आणि त्याच दिवशी गव्हर्नर म्हणून रिपब्लिकन केली एयॉट यांना निवडलं. मार्चच्या आमच्या मतपत्रिकेवर तर पक्षाचं नावही नसतं. प्रश्न असतात शाळेच्या बजेटचे, रस्त्यांचे, अग्निशमनाच्या गाडीचे. या राज्यात पगारावर आयकर नाही, विक्रीकर नाही. शाळा मुख्यतः घरपट्टीवर चालते, म्हणजे या मताचा घरखर्चाशी थेट संबंध.

तरीही नोव्हेंबरला दाराबाहेर रांग आणि मार्चला हॉल रिकामा. मला हे अजून पटत नाही. माझे वडील प्राथमिक शिक्षक, त्यांना इलेक्शन ड्युटी लागायची. लोकसभेला गावात सामसूम असली तरी ग्रामपंचायतीला माणसं मुंबई-पुण्याहून गाड्या करून येत. इथे सगळं उलटं. याच राज्यातल्या क्रॉयडन गावात मार्च २०२२मध्ये शाळेचं बजेट जवळजवळ निम्म्यावर आणलं गेलं, २० विरुद्ध १४ मतांनी. गावची वस्ती आठशेच्या आसपास. मग लोक खडबडून जागे झाले. फेरनिर्णयासाठी निम्मे मतदार हजर असणं सक्तीचं होतं, म्हणून घरोघर जाऊन माणसं गोळा केली आणि मे महिन्यात ३७७ विरुद्ध २ मतांनी बजेट पुन्हा होतं तसं केलं.

दुपारी एक तरुण बाप आला. मुलगी आमच्याच शाळेत पहिलीत, बजेटच्या बाजूनं मत द्यायला आलेला. जन्म कॅलिफोर्नियाचा, पासपोर्ट नाही, दाखला तिकडे आईकडे. त्याच्यासाठी त्या दिवशी आम्हाला काहीच करता आलं नाही. ‘मी आता जाऊ का?’ असं त्यानं अगदी हळू विचारलं. असा माणूस परत पाठवणं हे माझ्या कामात येईल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

बाई मात्र सातला मतदान बंद होण्याच्या जरा आधी तिसऱ्यांदा आल्या, हातात पाकीट. मी तिन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी लावून नावं जुळवली, यादीत नाव चढवलं आणि त्यांनी मत दिलं.

शाळेचं बजेट थोडक्या मतांनी मंजूर झालं. त्याच आठवड्यात आम्ही तिघांनी कोणते कागद लागतात याची यादी मोठ्या अक्षरांत छापून घेतली आणि लायब्ररी, पोस्ट ऑफिस, पशुखाद्याचं दुकान अशा ठिकाणी लावली. नावं बदललेल्या बायकांसाठी लग्नाच्या दाखल्याची ओळ सगळ्यात वर घातली. आईनं टपालानं पाठवलेला जन्मदाखला घेऊन तो तरुण नंतर टाउन ऑफिसात आला आणि त्याचं नाव यादीत चढलं.