५ नंबरचा सेल निर्दोष सुटला

मंडळी, मी जोडत असलेल्या आठ सेलच्या लिथियम (एलएफपी) बॅटरीतला ५ नंबरचा सेल खराब नाही! गेल्या अपडेटमध्ये तो परत पाठवायचं जवळपास ठरलं होतं, ते रद्द.

आधी बॅलन्सिंगचं थोडक्यात. आठही सेल पॅरललमध्ये टॉप बॅलन्स झाले, म्हणजे एकत्र जोडून सगळे सारखेच पूर्ण भरले. बेंच सप्लायसोबत (व्होल्टेज-करंट ठरवता येणारा टेबलावरचा पॉवर सप्लाय) आलेल्या बारीक क्लिपवाल्या वायरी फेकून दिल्या. पुण्याच्या तापकीर गल्लीतून ६ स्क्वेअरची (चौरस मिमी) वायर आणि तांब्याचे लग (वायरीच्या टोकाला बसवायच्या कड्या) आणले, नीट दाबून क्रिम्प केले, प्लस पहिल्या सेलला आणि मायनस आठव्याला लावला. आधी सप्लायवर ३.६५ व्होल्ट दिसायचे, सेलवर जेमतेम ३.३४ आणि करंट ४ अँपिअरला अडकलेला. आता सेल ३.५५ ला पोचेपर्यंत पूर्ण १० अँपिअर जातात. वायरीतला ड्रॉप भरून काढायला सप्लाय ३.८ वर ठेवा, असा सल्ला बरेच जण देतात. कृपया ऐकू नका. करंट उतरला की ड्रॉपही संपतो, सेल सरळ ३.८ ला जाऊन बसतात आणि पॅरललमध्ये अडवायला बीएमएस (प्रत्येक सेलवर लक्ष ठेवून बॅटरी वाचवणारं सर्किट) नसतो.

सगळे सुटे करून रात्रभर ठेवले. सकाळी सर्वात जास्त आणि सर्वात कमी व्होल्टेजच्या सेलमध्ये फक्त ३ मिलिव्होल्टचा फरक. फार बरं वाटलं.

आता मूळ दुखणं. टेबलावरच ८एस (आठही सेल सिरीजमध्ये) जोडणी केली, थोडा डिस्चार्ज करून ४० अँपिअरने चार्ज लावला, तर ५ नंबर बाकीच्यांपेक्षा ६० मिलिव्होल्ट वर. अ‍ॅक्टिव्ह बॅलन्सर (जास्त व्होल्टेजच्या सेलमधला चार्ज कमीवाल्यांना देणारं सर्किट) लगेच त्याच्यावर तुटून पडला. एवढं होऊन चार्ज बंद केल्यावर तोच सेल बाकीच्यांच्या खाली! चार्जमध्ये सगळ्यांच्या पुढे आणि थांबल्यावर सगळ्यांच्या मागे, म्हणून सेल्फ डिस्चार्जचा (सेल आपोआप रिकामा होण्याचा) संशय आला होता.

उलगडा झाला तो इन्व्हर्टरवर लोड टाकल्यावर. तेवढेच ४० अँपिअर उलट दिशेने गेले आणि ५ नंबर ६० मिलिव्होल्ट खाली आला. सेल कमी-जास्त भरलेला असता, तर करंटची दिशा बदलली म्हणून फरकाने इतकी सरळ उलटी बाजू घेतली नसती. हे काम रेझिस्टन्सचं. सेलचं आयआर (आतला रेझिस्टन्स) वायआर१०३५ मीटरवर ०.१७ मिलिओहम, म्हणजे भावंडांइतकंच. मग राहिला जोड.

मल्टिमीटर मिलिव्होल्टवर घेतला. एक टोक टर्मिनलच्या अ‍ॅल्युमिनियमवर, दुसरं बसबारवर (दोन सेल जोडणारी धातूची पट्टी). बाकी सगळ्या जोडांवर १-२ मिलिव्होल्ट, ५ च्या प्लसवर ५८! म्हणजे जवळजवळ दीड मिलिओहम. ४० अँपिअरला सव्वादोन वॉट जातात, पण १०० अँपिअरला एका नटाखाली साडेचौदा वॉट उष्णता. नट खोलून बसबार काचेवर ठेवला तर तो डुलतो. भोकाच्या कडेला नख फिरवलं तर अडकतं. पंच करताना आलेली बर (धातूची उठलेली धार) तशीच ठेवून वर निकेल चढवलंय. त्यामुळे बसबार टर्मिनलवर सपाट बसतच नव्हता, कडेवर टेकून होता. पुरवठादाराचे बसबार चमकतात झकास, पण यापुढे प्रत्येक भोक मी तपासूनच घेणार.

काचेवर ६०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून बसबार घासून सपाट केला. टर्मिनल स्कॉचब्राइटने घासलं, आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) पुसलं आणि लगेच कॉन्टॅक्ट पेस्टचा पातळ हात दिला, कारण अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइड धरायला वेळ लागत नाही. नट टॉर्क रेंचने ४ न्यूटन-मीटरला आवळला. पुन्हा ४० अँपिअर: २ मिलिव्होल्ट.

यात सर्वात वाईट काम बॅलन्सरने केलं. त्याचं स्टार्ट व्होल्टेज (ज्याच्यावर तो काम सुरू करतो) ३.४५ ठेवलं होतं, पण ५ नंबर खरा ३.३९ ला असतानाच बीएमएसला ३.४५ दिसत होते. म्हणजे बरोबर भरलेल्या सेलमधून तो चार्ज काढून इतरांना वाटत बसला आणि माझा टॉप बॅलन्स बिघडवला. तेव्हा सिरीज केल्यावर आधी बॅलन्सर बंद ठेवा, करंट चालू असताना प्रत्येक जोडाचे मिलिव्होल्ट मोजा, मगच तो चालू करा.

आता सगळं खोलून पुन्हा पॅरलल करणार होतो. पण हे लिहितानाच सुचलं की त्याची गरज नाही. फक्त ५ नंबर मागे आहे. पॅक ५ अँपिअरने हळू चार्ज करायचा, बाकीच्यांपैकी पहिला सेल ३.५५ ला आला की थांबायचं आणि बेंच सप्लाय एकट्या ५ च्या टर्मिनलवर लावून तो वर आणायचा. सप्लायचं आउटपुट आयसोलेटेड (अर्थिंगपासून अलग) आहे, त्यामुळे सिरीज न मोडता जमेल. शिवाय किती अँपिअर-अवर गेले ते मोजलं की बॅलन्सरने किती पळवले तेही कळेल.

सेल दाबून धरणारी प्लायवूडची कॉम्प्रेशन फ्रेम त्यामुळे पुढे ढकलली. उरलेल्या सगळ्या बसबारची बर काढल्याशिवाय सेल आवळणार नाही. त्यानंतर २.५ व्होल्टपर्यंत कपॅसिटी टेस्ट, २८० अँपिअर-अवर भरतात का ते बघू. कोणाकडे सिरीजमध्ये एकच सेल टॉप-अप केल्याचा अनुभव असेल तर कट-ऑफ करंट (किती अँपिअरवर उतरला की चार्ज थांबवायचा) किती ठेवला ते सांगा. मी ५ अँपिअर धरतोय.