स्मरणचित्राचा पेपर

एलिमेंटरी या चित्रकलेच्या सरकारी ग्रेड परीक्षेत स्मरणचित्राच्या पेपराला विषय दोन-तीन दिलेले असायचे, पण आपल्या शाळेतली निम्मी मुलं पोळाच काढायची. पोळा नसला तर 'आठवडी बाजार' घ्यायचा आणि त्यात बैल घुसवायचा. बैल सगळ्यांना पाठ होता. झूल, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगुरमाळ, सगळं जागच्या जागी. माणूस मात्र कुणालाच येत नव्हता. ड्रॉइंगचे सर वैतागून म्हणायचे, "बैलाला नवरदेवावाणी नटवलंय आन् कासरा धरणाऱ्याला हातच न्हाईत!" खरंच नसायचे. आम्ही सगळे हात पाठीमागे नाहीतर खिशात लपवायचो.

सरांनी त्यावर एक उपाय काढला. शनिवारी शेवटच्या तासाला आम्हाला फाटकाबाहेर सोडायचे. वही न्यायची नाही. पंक्चरवाला, भज्यांचा गाडा, चपला शिवणारे मामा, यांतलं कुणीही एक माणूस धरायचं आणि दहा मिनिटं त्याच्याकडेच बघत राहायचं. मग वर्गात येऊन काढायचं. चेहरा नाही जमला तरी चालेल, पण हात काय करतायत ते कागदावर आलं पाहिजे, एवढीच अट.

आज मी किशोरवयीन मुलामुलींसाठी चित्रकादंबऱ्या लिहिते आणि काढते. पुढं कॉलेजात, नोकरीत पुष्कळ काही शिकले, पण हाताकडे बघायचं वळण लागलं ते त्या फाटकाबाहेर. स्मरणिका समितीने 'आपली वाटचाल व शाळेचे योगदान' असा विषय दिला आहे. वाटचाल सांगते. योगदान त्यातून वेगळं काढायला मला जमणार नाही, ते समितीनेच काढावं.

चित्रकादंबरी म्हणजे काय, हा प्रश्न गावात अजून दर सुट्टीला येतो. "म्हणजे कॉमिकच ना?" हो, कॉमिकच. फक्त लांब, दीड-दोनशे पानांचं, एकाच गोष्टीचं. आपल्या पिढीला चित्रातली गोष्ट काही नवीन नव्हती. शाळेच्या कपाटात 'किशोर'चे जुने अंक होते ('किशोर' 1971 साली सुरू झालं), 'चांदोबा' होता, आणि कुणाच्या तरी मोठ्या भावाकडून आलेला, मुखपृष्ठ फाटलेला 'वेताळ'चा कॉमिक अंक दप्तरादप्तरांतून फिरायचा. आठवी-नववीत गेल्यावर हे एकदम बंद. आता मोठी झालात, चित्रं बघायचं वय नाही, म्हणून हातात थेट मोठ्यांच्या कादंबऱ्या यायच्या नाहीतर गाईड. तेरा ते सतरा या वयातल्या मुलांना मराठीत स्वतःचं म्हणावं असं फार थोडं आहे. ज्या वयात माणसाला सगळ्यात जास्त दिसतं, त्याच वयात आपण त्याची चित्रं काढून घेतो. हे माझं जुनं भांडण आहे, म्हणून इथंही मांडून घेतलं.

आता माझ्या बाकावरच्या मैत्रिणीबद्दल. नाव लिहीत नाही, ती हे वाचेल आणि रागवेल. ज्या बॅचच्या मुली आहेत त्या ओळखतीलच. तिचे आईवडील दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जायचे, कधी सांगलीकडे, कधी पार बेळगावकडे. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असायची, त्यामुळे जायचं की नाही हा प्रश्नच नसायचा. टोळीचे ट्रक घाटातून खाली उतरायचे. वर भांडी, सरपण, शेळ्या आणि त्यांच्यात बसलेली आपल्याच वर्गातली पोरं. धाकटा भाऊ सांभाळायला ती बरोबर जायची आणि मार्च-एप्रिलात पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की परत यायची. ग्रेड परीक्षा दिवाळीच्या आधी होते, म्हणून एलिमेंटरी तिने दिली. वार्षिक परीक्षा तिच्या वाट्याला येणं अवघड. चित्रकलेचं सर्टिफिकेट आहे आणि आठवीची गुणपत्रिका नाही, अशी मला माहीत असलेली ती एकटीच.

तिला ब मिळाला होता, मला क. हेही नोंदवून ठेवते.

सहलीचं एक सांगते. वेरूळला सगळ्याच शाळा जातात. मुलं कैलासच्या हत्तीपाशी फोटो काढतात, डबे खातात आणि परत येतात. सरांनी आम्हाला कैलासच्या भिंतीपाशी उभं केलं. दक्षिणेच्या बाजूला रामायण आहे, उत्तरेला महाभारत. दगडात एकाखाली एक अशा ओळी खोदल्या आहेत. सर म्हणाले, राम किती वेळा आलाय, मोजा. आम्ही मोजत बसलो आणि मोजता मोजता गोष्ट वाचून झाली. पुढं कॉलेजात असताना अजिंठ्याच्या 17 क्रमांकाच्या लेण्यात विश्वंतर जातक, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्माची गोष्ट, बघितलं. तिथं तर दोन प्रसंगांच्या मध्ये रेघसुद्धा नाही, एखादा खांब किंवा दरवाजा आला की समजायचं, प्रसंग बदलला. राजपुत्र हद्दपार होतो, निरोप घेतो, रथातून निघतो. तोच माणूस एकाच भिंतीवर परत परत भेटतो आणि बघणाऱ्याचा गोंधळ होत नाही. चित्रांतून गोष्ट सांगायची रीत मराठवाड्यात दीड हजार वर्षांपूर्वी पक्की झालेली होती. त्यामुळे हा प्रकार परदेशातून आलाय, असं कुणी म्हटलं की मला हसू येतं.

दहावी, बारावी झाली. औरंगाबादच्या शासकीय कला महाविद्यालयात उपयोजित कलेला प्रवेश मिळाला. वडिलांना वाटलं ड्रॉइंग मास्तरीण होईल, नोकरी पक्की. मी गेले पुण्याला, एका जाहिरात कंपनीत. ती वर्षं भरभर सांगण्यासारखीच आहेत: पगार वेळेवर, जेवण अवेळी, आणि स्वतःचं चित्र वर्षात एकही नाही.

2016च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी जात होतं, तेव्हा मी एका वॉटर पार्कच्या होर्डिंगसाठी निळ्या पाण्याचे शिंतोडे काढत होते. नोकरी त्या तिरमिरीत सोडली असं सांगायला छान वाटलं असतं. प्रत्यक्षात दिवाळीचा बोनस घेतला आणि मगच सोडली.

त्या हंगामात मी मैत्रिणीच्या टोळीवर राहायला गेले. आता ती आणि तिचा नवरा मिळून एक कोयता. तोडणाऱ्या जोडीला तिकडं कोयताच म्हणतात. फडाशेजारी पाचटाच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, तीन दगडांची चूल. पहाटे गार हवेत फडात उतरायचं. एकानं बुडातून ऊस तोडायचा, एकीनं पाला साळायचा, वाढं म्हणजे उसाचा हिरवा शेंडा छाटायचा, मोळी बांधायची. गाडी आली की डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून चढायचं. गाडी कधी येईल याचा नेम नाही, रात्री दोनला आली तर दोनला भरायची. वाढं विकून येतात तेवढे रोजच्या मीठमिरचीला. मी वही घेऊन गेले होते, पण दिवसा ती उघडलीच नाही. सरांच्या पद्धतीने नुसती बघत बसायचे आणि रात्री कोपीत बॅटरीच्या उजेडात आठवून काढायचे. मोळी आवळताना गुडघा कुठं टेकतो, फळीवर पाय कसा तिरका पडतो, हे फोटोत सापडत नाही, कारण फोटो एका क्षणाचा असतो आणि मोळी चार हिसक्यांत बांधली जाते.

मैत्रिणीने विचारलं, "काय करणारैस ह्याचं?"

"पुस्तक."

"कोण वाचल?"

"तुझी पोरगी."

"मंग नीट काढ," ती म्हणाली आणि भाकरी थापायला लागली.

तिची मुलगी तेव्हा गावाकडंच होती, ऊसतोडीला गेलेल्यांच्या मुलांसाठीच्या हंगामी वसतिगृहात जेवायची आणि आजीजवळ झोपायची. माझ्या पहिल्या पुस्तकाची नायिका म्हणजे ती नव्हे, पण तिच्या वयाची आणि तिच्यासारखीच मागं राहिलेली. पंधरा वर्षांची, दहावीला बसलेली. आईबाप फडावर, घरात आजी आणि धाकटा भाऊ. मधेच कुणीतरी स्थळ घेऊन येतं, कारण लग्न झालं की मुलीची काळजी मिटते आणि टोळीत एक कोयता वाढतो. एवढीच गोष्ट. पुस्तकाचं नाव लिहीत नाही, जाहिरात वाटेल. शाळेच्या ग्रंथालयात प्रती दिल्या आहेत.

कामाची रीत थोडी सांगते, कारण चित्रकलेकडं जायचं म्हणणाऱ्या मुलांना कुणी सांगत नाही. आधी गोष्ट लिहायची. मग प्रत्येक पानाचं काडेपेटीएवढं कच्चं चित्र काढायचं: किती चौकटी, कुठली मोठी, पान उलटल्यावर डोळ्यासमोर पहिल्यांदा काय येणार. त्यानंतर पेन्सिल, मग शाई. एक पान नीट उतरायला तीन-चार दिवस जातात. छापखाना सोळा पानांच्या फर्म्यात मोजतो, म्हणून गोष्टही त्या हिशेबात बसवावी लागते. रंग परवडत नव्हते. काळा आणि सोबत एक मळकट हिरवा, एवढ्यावर सगळं पुस्तक काढलं.

सगळ्यात जास्त जीव खाल्ला तो अक्षरांनी. संवादाच्या फुग्यात देवनागरी बसवणं हे वेगळंच काम आहे. इंग्रजी कॉमिकवाले सगळं कॅपिटलमध्ये लिहितात, ओळीला ओळ चिकटवली तरी चालते. आपल्याकडं वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार. वरच्या ओळीचा 'कू' खालच्या ओळीच्या 'कै'मध्ये पाय घालतो. म्हणून फुगा उंच होतो आणि चौकटीतल्या माणसाचं डोकं दाबतो. शेवटी सगळी अक्षरं हाताने लिहिली. एलिमेंटरीच्या भूमिती-अक्षरलेखनाच्या पेपराला आम्ही 'टाइमपास पेपर' म्हणायचो, त्याने असा सूड घेतला.

पुस्तक एका प्रकाशकांनी घेतलं, पण दोन अटी घातल्या. एक, फुग्यांतली भाषा 'शुद्ध' करा. दुसरी, शेवटी मुलगी बोर्डात पहिली येऊ द्या. पहिल्या अटीवर मी म्हणाले, आजी "कुठं गेलतीस गं" असंच म्हणणार. ती "कोठे गेली होतीस" म्हणाली तर नात तिला डॉक्टरकडं नेईल. दुसरीवर तर बोलणंच खुंटलं. माझ्या पुस्तकात निकाल दाखवलेलाच नाही. पुढच्या दिवाळीत ट्रक निघतो आणि ती त्यात नसते, तिथं गोष्ट संपते. हस्तलिखित परत आलं.

तेव्हा मी झेरॉक्स काढले. निवडक पानांची बारीक पुस्तिका केली, मध्ये स्टेपल मारली आणि बीड जिल्ह्यातल्या काही हंगामी वसतिगृहांत वाटली. ही युक्ती माझी नव्हे. अमेरिकेतले जीन लुएन यांग हे चित्रकादंबरीकार एका हायस्कुलात कॉम्प्युटर शिकवायचे. शाळा सांभाळून गोष्ट काढायची आणि प्रकरणागणिक झेरॉक्स पुस्तिका करायच्या, अशी त्यांची सुरुवात. 2006 साली तीच गोष्ट पुस्तक म्हणून आली आणि 2007 मध्ये तिला किशोर साहित्यासाठीचा तिकडचा मोठा प्रिंट्झ पुरस्कार मिळाला. चित्रकादंबरीला तो तेव्हा पहिल्यांदाच मिळाला. शिक्षकाची नोकरी करणारा माणूस हे करू शकतो, तर बिननोकरीची मी का नाही, एवढाच माझा विचार.

वसतिगृहातली मुलं सरळ बोलतात. डोंगरातल्या सूर्योदयाचं मी जीव ओतून काढलेलं अख्खं पान त्यांनी बघितलंही नाही, भर्रकन उलटलं. पण आजीच्या लुगड्याचा काष्टा बरोबर आहे हे एका मुलीने हेरलं. एका मुलाने सांगितलं, मोळीची गाठ अशीच असते, माझा बाप अशीच मारतो. आणि सगळ्यांचा एकच प्रश्न: त्या स्थळाचं काय झालं? त्या पुस्तिका फिरत फिरत दुसऱ्या एका छोट्या प्रकाशकापर्यंत गेल्या आणि पुस्तक निघालं, आजीच्या भाषेसकट. पुढं दुसरी आवृत्ती आली, हिंदी भाषांतर झालं. पुरस्कारांची यादी समितीने परिचयात छापली आहे, ती परत नको. दुसरं पुस्तक परभणीत मोबाइल दुरुस्ती शिकणाऱ्या मुलावर होतं. ते कमी खपलं, पण मला स्वतःला तेच जास्त आवडतं.

'चित्रं आहेत म्हणजे लहान मुलांचं' हे वाक्य अजून सभांमधून ऐकावं लागतं. तिथं मी 'भीमायन' दाखवते. 2011 साली आलेलं ते पुस्तक दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी काढलं आहे. बाबासाहेबांना पाणी, निवारा आणि प्रवास यांसाठी काय सोसावं लागलं, ते त्यात आहे. त्यात चौकोनी चौकटीच नाहीत. गोंडांच्या घराच्या भिंतीवर असते ती दिग्ना नावाची नक्षी पानापानांत वळत जाते आणि प्रसंग वेगळे करते. ते पुस्तक हातात दिलं की सभेत पुढचा प्रश्न सहसा येत नाही.

आता तिसरं पुस्तक हातात आहे. 1938 साली औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजच्या वसतिगृहात आणि हैदराबादला उस्मानिया विद्यापीठात मुलांनी 'वंदे मातरम्' म्हणायचं ठरवलं. निजाम सरकारने बंदी घातली. मुलांनी संप केला, काढून टाकली गेली आणि शेवटी त्यातल्या पुष्कळांना नागपूर विद्यापीठाने घेतलं. मुक्तिसंग्राम म्हटला की आपण 17 सप्टेंबर 1948 सांगतो आणि झेंडा लावून घरी येतो. त्याच्या दहा वर्षं आधी सोळा-सतरा वर्षांच्या पोरांनी वर्गाबाहेर पाऊल टाकलं, हे आपल्याच मुलांना माहीत नाही.

यात अडचण अशी की हा काळ मी पाहिलेला नाही आणि ज्यांनी पाहिला ते आता फारसे उरले नाहीत. तेव्हाच्या उर्दू शाळेतली पाटी कशी होती, मुलं शेरवानीचं वरचं बटण लावायची का, हाली सिक्का, म्हणजे निजामाचं नाणं, कनवटीला कसा बांधायचे, हे कुठल्या इतिहासात लिहिलेलं नसतं. ज्यांच्या माळ्यावर निजामाच्या काळातली शाळेची पुस्तकं, दाखले, घरगुती फोटो किंवा नाणी असतील, त्यांनी शाळेच्या कार्यालयात निरोप ठेवावा. वस्तू न्यायची नाही. घरी येऊन बघेन आणि आजोबा-पणजोबांबद्दल कुणी सांगणारं असेल तर तासभर बसेन. चहा नको, ॲसिडिटी आहे.